मुरमाच्या वाटेवरून कोमिककडं: सोलापूरची ग्रॅव्हल सायकल स्पितीत नेताना

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 460 मीटरवर आहे आणि हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं कोमिक गाव 4,587 मीटरवर. मधल्या चार हजार मीटरांचा सराव सोलापुरात कुठंच होत नाही. बाकी जवळजवळ सगळ्याचा होतो. सुट्या खडीवर पुढचं चाक कसं सावरायचं, टायरात हवा किती ठेवायची, काटा घुसला तर काय करायचं, पाणी संपत आलं की वेग किती कमी करायचा, हे कालव्याच्या कडेनं आणि माळावर शिकता येतं. उंची मात्र तिथं जाऊन दिवस दिल्याशिवाय मिळत नाही. म्हणून तयारीत पैसा सायकलवर थोडा कमी आणि सुट्टीचे दिवस चार जास्त, हा हिशोब आम्ही पहिल्यापासून धरला. तो बरोबर ठरला.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे रस्त्यावरच्या रेसिंग सायकलीसारखं वाकडं हँडल, पण 40 ते 50 मिलिमीटर रुंद टायर, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर. तिचा खरा उपयोग जिथं गाड्या नाहीत तिथं. सोलापूरजवळ अशा वाटा म्हणजे उजनीच्या कालव्याकडेचे मुरमाचे रस्ते आणि शिवारातले गाडीरस्ते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र सायकल घालायची नाही. तो माळ पक्ष्यांचा आहे आणि बाहेरून गावांमधून जाणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत. सराव जून ते ऑगस्ट असा करावा लागला, कारण स्पितीसाठी चांगला काळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर. त्या दिवसांत ओढ्यांचं पाणी उतरलेलं असतं, कुंझुम खिंड उघडी असते आणि पहाटेची थंडी अजून सोसण्यासारखी असते.

पावसाळ्यात काळ्या मातीत सायकल घालू नका. चार फेऱ्यांत टायर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) यांमध्ये मातीचे गोळे बसतात, चाक फिरायचं थांबतं आणि तरीही पायडल रेटलं तर मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) हँगरसकट, म्हणजे त्याला धरणाऱ्या पट्टीसकट, वाकतो. मुरूम पाणी पितो, काळी माती धरून ठेवते. पाऊस झाल्यावर मुरमाची वाट दुसऱ्या दिवशी चालते, काळ्या रानातल्या वाटेला मोकळं ऊन पडून चार दिवस तरी जावे लागतात. मडगार्ड काढून ठेवा. स्पितीत अशी माती नाही. तिथं हिमनद्यांनी दळलेली पिठासारखी धूळ आणि धारदार पाटीचे दगड आहेत.

चढाचा सराव हीच सोलापूरची अडचण. सलग तास-दोन तास चढेल असा रस्ता जवळ नाही. तुळजापूरचा घाट आहे, पण तो हमरस्ता आहे, वाहनांची रांग असते आणि चढ लवकर संपतो. आम्ही त्याऐवजी वाऱ्याचा उपयोग केला. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा तोंडावर घेत कालव्याकडेनं जड गिअरवर, मिनिटाला पायडलच्या 55 ते 60 फेऱ्या अशा संथ लयीत, वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे. उभं न राहता, बसूनच. सुट्या खडीच्या चढावर उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून बसून रेटायची सवय आधीच लागलेली बरी.

आता गिअर. इथं आकडेमोड केल्याशिवाय निघू नका. 4,500 मीटरवर शरीर रुळल्यानंतरही माणसाचा दम पाव ते तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतो. सोलापुरात तासभर 200 वॅट काढणाऱ्याला तिथं 140 च्या आसपास मिळतील. माणूस, सायकल आणि पिशव्या मिळून 90 किलो धरले, तर 10 टक्क्यांच्या खडीच्या चढावर 140 वॅटमध्ये वेग ताशी 5 किलोमीटर येतो. आता बाजारात सर्रास मिळणारी जोडी पाहा. पुढं 40 दात, मागं सगळ्यात मोठी चकती 42 दातांची. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ती साडेसात किलोमीटरनं पळते. म्हणजे पाचच्या वेगाला फेऱ्या चाळीसवर येतात. तेवढ्यावर गुडघे दुखतात आणि दगड आला की तोल जातो. पुढची चकती 30 दातांची केली की त्याच 42 वर साठ फेऱ्यांना साडेपाच-पावणेसहा किलोमीटर येतात. तेवढं बस्स. उतारावर पायडल लागतच नाही, त्यामुळं वरचा वेग गेल्याची हळहळ नको. चकती बदलली की चेनची लांबीही कमी करावी लागते. हे विसरलं तर लहान गिअरवर चेन लोंबते आणि खड्ड्यात उतरते. चकती चढवण्याआधी तुमच्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) एवढी छोटी चकती बसते का, ते मात्र पाहून घ्या. सगळ्यांवर बसत नाही.

टायर हा आमच्या लेखी सगळ्यात मोठा विषय. सोलापुरात बाभूळ आणि वेडी बाभूळ यांच्या काट्यांमुळं ट्यूबवर चालणं अवघडच, म्हणून ट्यूबलेस. 700 × 45 च्या टायरात 60 मिलिलिटर सीलंट (भोक बुजवणारा लॅटेक्सचा द्रव) पुरतं, पण सोलापूरच्या उन्हात लॅटेक्सचं पाणी उडतं आणि सहा-आठ आठवड्यांत आत रबराची कातडी आणि गोळ्या उरतात. महिन्यातून एकदा टायर हलवून आवाज ऐका. डुचमळ ऐकू आली नाही तर 30 मिलिलिटर व्हॉल्व्हमधून घाला. व्हॉल्व्हची सुई सीलंटनं चिकटलेली असते, म्हणून दोन सुट्या सुया आणि ती काढायचं बोटाएवढं हत्यार बरोबर ठेवा.

यात एक धोका दडलेला असतो आणि तो उंचीवर गेल्यावरच कळतो. ट्यूबलेस टायरात काटा घुसला की सीलंट भोक बुजवतं आणि आपण पुढं जातो. काट्याचं टोक मात्र आतच राहतं. सोलापुरात तीन महिने चाललेल्या टायरात अशी टोकं डझनानं सापडतात. तिकडं पाटीच्या दगडानं टायरची बाजू फाटली आणि ट्यूब घालायची वेळ आली की नवी ट्यूब पहिल्याच किलोमीटरात त्या जुन्या काट्यांवर फुटते. दुसरीही फुटते. निघण्याआधी दोन्ही टायर उतरवा, आतून बाहेर उलटवा, जाड फडक्यानं घासत जा. फडकं अडकेल तिथं काटा आहे. पक्कडीनं आतल्या बाजूनं ओढून काढा. नव्या टायरांसाठी पैसे असतील तर सरावाचे वेगळे, प्रवासाचे वेगळे, हे सगळ्यात चांगलं. प्रवासाचे टायर मात्र महिनाभर आधी चढवून गळत नाहीत ना, ते पाहिलेलं असावं.

बाजू फाटली तर सीलंट कामाला येत नाही. सहा मिलिमीटरच्या पुढचा चिरा ते धरत नाही. आधी रबरी प्लग, तो टिकला नाही तर शिवण. गोधडी शिवायची जाड सुई आणि मेण लावलेला नायलॉनचा दोरा आमच्या पिशवीत कायम असतो. चिऱ्याच्या दोन्ही कडांपासून पाच मिलिमीटर आत टाके घ्यायचे, आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचा, मग ट्यूब. मनगटाला त्रास होतो आणि अर्धा तास जातो, पण टायर पुढचे दोनशे किलोमीटर चालतो. माणशी दोन ट्यूब घ्या. वर नुसत्या हातपंपानं ट्यूबलेस टायर रिमवर पुन्हा बसत नाही, हे गृहीतच धरा.

हातपंपाचंही गणित वेगळं. कोमिकला हवेचा दाब सोलापूरच्या साठ टक्क्यांच्या आत-बाहेर. पंपाच्या एका दाबात तेवढीच कमी हवा जाते. सोलापुरात टायर भरायला शंभर वेळा पंप मारावा लागत असेल, तर तिथं एकशे साठच्या पुढं मारावा लागतो. तोही धाप लागलेली असताना.

दाब किती ठेवायचा? 45 च्या टायरला, 70 ते 75 किलोच्या माणसाला, मागं 30 आणि पुढं 28 पीएसआय इथून सुरुवात करा. पण काझात, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावात, पहाटे पाच अंशांत भरलेले 28 दुपारी पंचवीस अंशांत कोमिकला 32 च्या घरात जातात. थोडं उंचीमुळं, बरंचसं उन्हामुळं. चढताना ते जाणवत नाही. उतरताना मात्र पन्हाळी पत्र्यासारख्या लाटालाटांच्या रस्त्यावर सायकल उड्या मारू लागते आणि ब्रेक धरायची बोटं बधिर होतात. माथ्यावर पोहोचलं की पाणी प्यायच्या आधी दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून पाहावेत आणि हवा सोडावी. एवढ्या एका सवयीनं उतार निम्मा सोपा होतो.

ब्रेकचे पॅड धातूमिश्रित घ्या. साधे रेझिनचे पॅड त्या धुळीत आणि ओल्या वाळूत लांबलचक उतारांवर फार लवकर झिजतात. एक जादा जोड माणशी हवीच. तेलाचे ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची चीप घालायची. नाहीतर पॅकिंगमध्ये लिव्हर दाबली जाते, पॅड एकमेकांना चिकटतात आणि काझात पोहोचल्यावर चाक बसत नाही. चेनला घट्ट ओलं तेल लावू नका. धूळ त्यात मिसळून सहाणेसारखं काम करते. मेणाचं वंगण लावा आणि रोज संध्याकाळी कोरड्या फडक्यानं पुसा. सोलापुरी टर्किश टॉवेलचे जुने तुकडे याला उत्तम.

सोलापूरहून दिल्लीला थेट कर्नाटक एक्स्प्रेस आहे, पण आपल्या स्टेशनात ती थोडाच वेळ थांबते. सायकल पार्सल डब्यात द्यायची तर आदल्या दिवशी नोंदणी करा आणि ती त्याच गाडीत चढली का, ते फलाटावर उभं राहून पाहा. खोक्यात भरण्याचा क्रम असा: पायडल काढा (डावं उलट्या आट्यांचं असतं), मागचा डिरेल्युअर पाच मिलिमीटरच्या ॲलन किल्लीनं सोडवून फडक्यात गुंडाळा, हँगर काढून घ्या, पुढचं चाक काढून फोर्कच्या टोकांत ठोकळा घाला, टायरची हवा निम्मी करा. सुटा हँगर बरोबर असलाच पाहिजे. प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो आणि तो सिमल्यातही मिळेल असं समजू नका. पुन्हा जोडताना स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट 5 न्यूटन मीटरनं आवळा. उजव्या-डाव्या बोल्टला पाळीपाळीनं थोडं थोडं आवळा. एकच आधी पूर्ण आवळला तर पकड तिरकी बसते.

इथून पुढं उंचीचं काम. मनालीकडून गेलं तर एकाच दिवसात कुंझुम, म्हणजे 4,551 मीटर, ओलांडून काझात 3,650 च्या आसपास झोपावं लागतं. सोलापूरहून आलेल्या शरीरावर हा अन्याय आहे. सिमला-किन्नौरकडून जा, तीन दिवस जास्त लागले तरी. कल्पा 2,960 मीटरवर आहे, तिथं दोन रात्री. मग ताबो, 3,280 मीटर, दोन रात्री. मग काझात किमान तीन. तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा डॉक्टर लोकांनी घालून दिलेला नियम आहे. किब्बर 4,270 मीटरवर आहे, म्हणजे काझापेक्षा सहाशे मीटर वर. म्हणून तिथं दिवसा चढून यायचं आणि रात्री काझात उतरायचं. किन्नौरमधला हमरस्ता ट्रकांचा आणि दरडींचा आहे. तिथं सायकल चालवण्यात काही मजा नाही. ताबोपर्यंत सायकली गाडीच्या टपावर ठेवा.

डोकेदुखीबरोबर मळमळ, अन्नावरची वासना जाणं, चक्कर यांपैकी काहीही आलं की त्या दिवशी वर जायचं नाही. दुसऱ्या दिवशीही बरं वाटलं नाही तर खाली. सरळ रेषेत टाचेला टाच लावून चालता येईना, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही. तेव्हाच, रात्री असली तरी, उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची का, ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. गोळीनं लघवी जास्त होते, त्यामुळं पाणीही जास्त लागतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर गार हातांवर वेडेवाकडे आकडे दाखवतं. त्याच्यापेक्षा सोबत्याच्या चेहऱ्याकडं आणि बोलण्याकडं लक्ष द्या. सोलापूरच्या उन्हात तहान आपोआप लागते. तिथं श्वासावाटे पाणी जातं आणि तहान लागतच नाही, म्हणून दर वीस मिनिटांनी घोट घ्यायचा.

गाड्या कुठं नसतात, हा आता मूळ प्रश्न. आमचा नियम साधा आहे: ज्या रस्त्याला पुढं वाट नाही तो धरा. काझा ते लोसर हा जाण्यायेण्याचा रस्ता, तिथं टॅक्स्या आणि मटारच्या दिवसांत पिकअपगाड्याही असतात. किब्बरपर्यंत डांबर आहे आणि पर्यटकही. पण किब्बरजवळून गेते आणि ताशिगंगकडं जाणारा रस्ता ताशिगंगलाच संपतो. ताशिगंगला 15,256 फुटांवर जगातलं सगळ्यात उंच मतदान केंद्र आहे. निवडणूक नसेल तेव्हा त्या रस्त्यावर तास-तासभर एकही गाडी दिसत नाही. तसाच पिन खोऱ्यातला रस्ता. ताबोच्या दिशेनं जाऊन अट्टारगोच्या पुलावरून आत वळलं की तो मूदला संपतो. काझापासून एकूण सुमारे 50 किलोमीटर, उंची फारशी वाढत नाही, म्हणून पहिला लांब दिवस इथंच करावा. डांबर मध्येमध्ये आहे, मध्येमध्ये ओढ्यांनी खाल्लेलं. मूदच्या पुढं भाबा खिंडीकडची वाट पायवाट होत जाते. सायकल तिथं ओझं होते, परत फिरावं.

कोमिकचा रस्ता टॅक्सीवाल्यांचा आहे, पण वेळ साधली तर तोही मोकळा मिळतो. काझाहून कोमिक वीस किलोमीटरच्या आसपास, चढ मात्र नऊशे मीटरहून जास्त. विश्रांत्या धरून पाच तास लागतात. पहाटे पाचला निघालं की पहिल्या टॅक्स्या गाठेपर्यंत बरेच वर पोहोचलेले असता. वाटेतल्या हिक्किम गावातलं टपाल कार्यालय 1983 पासून आहे, पिन कोड 172114. तिथून सोलापूरला कार्ड टाकायचं असेल तर ते आदल्या रात्री लिहून ठेवा, गार हातांनी अक्षर येत नाही. वाटेत कोरलेल्या दगडांची मणी भिंत आली तर ती उजव्या हाताला ठेवून जायचं. जवाच्या शेतातून आडवाट काढायची नाही. एकच पीक घेतात तिथं वर्षाला.

ओढे सकाळी दहाच्या आत ओलांडायचे. दुपारी वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी गुडघ्यापर्यंत येतं. तळ दिसत नसेल तर सायकलीवरून उतरा, मोजे काढा, बूट पायातच ठेवा, कारण गोटे बुळबुळीत आणि धारदार दोन्ही असतात. सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची. वरच्या अंगाला धरली तर पाणी तीच आपल्या पायांवर लोटतं. पलीकडं गेल्यावर चाक फिरवत ब्रेक दहा-बारा वेळा दाबून पॅड वाळवून घ्या. उतार लगेच असेल तर हे न करता निघू नका.

खाण्याचं सोलापूरकरांना वरदान आहे. कडक भाकरीत पाणी नाही, म्हणून ती पंधरा दिवस सहज टिकते आणि तुकडे झाले तरी बिघडत नाही. पण दिवसा चढावर शेंगाचटणी नको. उंचीवर तेल-तूप पचायला जड जातं आणि मळमळ वाढते. चढताना गूळ, राजगिऱ्याची चिक्की, खजूर, तासाला 40 ते 60 ग्रॅम पिष्ट पोटात जाईल एवढं. भाकरी-चटणी संध्याकाळी थुक्पाबरोबर (तिकडचं शेवयांचं सूप). 4,500 मीटरवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं कुकरशिवाय डाळ शिजत नाही. स्टोव्ह नेलात तर भिजवून-वाळवून आणलेले पोहे आणि सत्तू यांवरच भिस्त ठेवा.

परत आल्यावर लगेच करायची कामं: मागच्या हबचं फ्रीहब (गिअरच्या चकत्या बसतात तो भाग) उघडून धूळ पुसा, हेडसेटचे (हँडल फिरतं त्या सांध्याचे) बेअरिंग काढून नवं ग्रीस भरा, पॅडची जाडी पाहा, दीड मिलिमीटरच्या खाली असेल तर बदला. टायरमध्ये ताजं 60 मिलिलिटर सीलंट घाला. सप्टेंबरअखेरीस सोलापुरात पाऊस असतोच आणि कालव्याकडेच्या बाभळी छाटलेल्या असतात, त्यामुळं पहिल्याच फेरीला काटे मिळतात.